गार्सिया द ओर्ता आणि गोव्याचा पारिजातक

पारिजातकाचे शास्त्रीय नाव मराठी वाचकाला प्रथमच ऐकवले, तर तो थोडा बुचकळ्यात पडतो. निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस हे ते नाव. त्यातील पहिला शब्द ग्रीक घडणीचा, रात्री फुलणाऱ्या फुलाचा निर्देश करणारा; त्यात वावगे काही नाही. दुसऱ्या लॅटिन जोडशब्दाचा अर्थ मात्र होतो दुःखी वृक्ष. आपल्या परंपरेत पारिजातकाचा दुःखाशी काय संबंध? तो समुद्रमंथनातून निघाला, इंद्राच्या नंदनवनात वाढला, श्रीकृष्णाने तो सत्यभामेच्या हट्टासाठी द्वारकेला आणला आणि त्याची फुले रुक्मिणीच्या अंगणात पडू लागली. ह्या कथेत रुसवा आहे, मत्सर आहे, थोडीशी गंमतही आहे, दुःख नाही. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही हा आपला साधारण नियम. त्याला अपवाद ठरलेले हे झाड. त्याला दुःखी कोणी म्हटले?

लिनिअसने १७५३ साली हे नाव आपल्या ग्रंथात कायम केले, पण ते त्याचे स्वतःचे नव्हे. त्याच्या आधी जवळजवळ दोन शतके हे नाव युरोपातील वनस्पतिग्रंथांतून फिरत होते, आणि त्याचा माग काढीत गेले की आपण जुन्या गोव्यातील एका घराच्या बागेत येऊन पोहोचतो. ते घर गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचे. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिविषयक ग्रंथातील सहावा संवाद ह्या झाडाला वाहिलेला आहे. ग्रंथ वर्णानुक्रमाने रचलेला असल्यामुळे पारिजातक तेथे बिब्बा आणि हिंग ह्यांच्या मधोमध उभा आहे. हिंगामागून लगेच भांग येते. ह्या शेजाराचे आपल्याला हसू येते. परंतु नवख्या देशात आलेल्या माणसाच्या दृष्टीने सारेच सारखे नवे असते, हेही त्यातून समजते.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीदे ह्या सरहद्दीवरील गावी झाला. आईबाप मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. आणि पाचच वर्षांनी, १४९७ साली, पोर्तुगालच्या राजाने तेथील ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत. बाप्तिस्मा झाला तरी नव्याचा शिक्का पुसला जात नसे, आणि घराच्या आत कोणता धर्म पाळला जातो ह्याविषयीचा शेजाऱ्यांचा संशय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राही. ओर्ता ह्या संशयाच्या छायेत वाढला. त्याच्या पुढील आयुष्यातील कित्येक निर्णय, आणि कित्येक मौनेही, ह्याच एका गोष्टीच्या उजेडात पाहावी लागतात.

सालामांका आणि आल्काला ह्या स्पेनमधील विद्यापीठांत त्याने कला, तत्त्वज्ञान आणि वैद्यक ह्यांचे शिक्षण घेतले. ते शिक्षण ग्रंथांचे होते. गॅलेन, डायॉस्कॉरिडीझ, प्लिनी आणि लॅटिनमध्ये आलेला इब्न सीना ह्यांचे वाचन आणि त्यांवरील भाष्ये, हाच त्या काळच्या वैद्यकाचा गाभा. मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्याने गावी व्यवसाय केला, १५२६ साली परवाना मिळवला आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. प्राध्यापकाची जागा मिळालेला, राजधानीत स्थिरावलेला असा हा तिशीतला माणूस १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीं आफोंसु द सोझाच्या आरमारासोबत एकाएकी हिंदुस्थानाकडे निघाला. सोझा नुकताच ब्राझीलची मोहीम आटोपून आला होता आणि ओर्ता त्याचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढला. नव्या औषधी पाहण्याची जिज्ञासा हे कारण ओर्ता पुढे देतो, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायपीठाची, स्थापना झाली. वारे कोठून वाहत आहे हे लिस्बनमधील प्रत्येक नवख्रिस्त्याला कळत होते.

सप्टेंबर १५३४ मध्ये तो गोव्याला उतरला. पुढची तीन-चार वर्षे सोझाबरोबर पश्चिम किनाऱ्यावरील मोहिमांत गेली. तो काळ मोठा धामधुमीचा होता. दिल्लीच्या हुमायूनशी गुजरातच्या बहादूरशहाचा झगडा चालू होता, आणि त्या अडचणीत बहादूरशहाने पोर्तुगिजांना डिसेंबर १५३४ मध्ये वसई व मुंबईची बेटे दिली, पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधू दिला. ह्या घडामोडी ओर्ताने जवळून पाहिल्या. इतिहासकाराला त्यांत तहनामे दिसतात. ओर्ताच्या लक्षात मात्र भलत्याच गोष्टी राहिल्या. बहादूरशहाला रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण हिंडून यावेसे वाटले की तो थोडी भांग खाई, असे बादशहाने सोझाला सांगितल्याचे ओर्ताने भांगेच्या प्रकरणात नोंदवून ठेवले आहे. १५३७ मध्ये हाच बहादूरशहा दीवजवळच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत बुडून मेला.

१५३८ मध्ये सोझा परतला, ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. तेथे त्याने तीस वर्षे काढली. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ह्यांचा तो वैद्य होता, औषधांचा आणि रत्नांचा व्यापारही करीत होता. मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा त्याच्या आयुष्यातील भाग म्हणजे अहमदनगरचा. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो अनेकदा जाऊन राहिला. गोव्याहून घाट चढून वर गेले की लागणाऱ्या प्रदेशाला तो बालाघाट म्हणतो आणि त्या शब्दाची फोड करून सांगतो. निजामशहा स्वतः जिज्ञासू होता. त्याच्याकडून आणि त्याच्या हकिमांकडून ओर्ताला औषधींची अरबी नावे व त्यांचे उच्चार नीट कळले. लॅटिन भाषांतरांतून शिकलेल्या इब्न सीनामध्ये किती घोटाळे होते हे त्याला येथे उमगले. सालामांकात ज्याचे भाष्य वाचले त्या पंडिताची मूळ भाषा त्याला अहमदनगरात भेटली, असे म्हणायला हरकत नाही. निजामशहाने मोठे वेतन देऊ करून त्याला कायमचे ठेवून घेण्याचा प्रयत्न केला, तो ओर्ताने नाकारला. मुसलमान सुलतानाच्या चाकरीत कायमचे राहिलेल्या नवख्रिस्त्याकडे गोव्यात कोणत्या नजरेने पाहिले गेले असते, ह्याचा हिशेब त्याने केला नसेल असे वाटत नाही.

१५५४ च्या सुमारास व्हाइसरॉय पेद्रु मास्कारेन्यशच्या कारकिर्दीत त्याला मुंबई बेट मक्त्याने मिळाले. दरसाल सुमारे १,४३० पर्दांव असा त्याचा खंड होता. त्याने तेथे बांधलेल्या किंवा वाढवलेल्या वाड्याभोवतीच पुढे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला उभा राहिला, असे मानले जाते. मुंबईविषयी त्याच्या ग्रंथात जे आहे ते थोडके पण रसदार आहे: वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड, घारापुरीची लेणी, कान्हेरीची लेणी. लेणी पाहून तो थक्क होतो आणि त्यांची नासधूस होत असल्याचे नोंदवतो. पोर्तुगीज शिपाई तेथे काय करीत होते हे आपल्याला इतरत्रही वाचायला मिळते.

१५४३ च्या सुमारास त्याने आपल्याच नात्यातील ब्रियांदा द सोलिस ह्या श्रीमंत घराण्यातील स्त्रीशी विवाह केला. दोन मुली झाल्या. संसार सुखाचा नव्हता. लिस्बनमध्ये धर्मन्यायपीठाने त्याच्या बहिणींना पकडले होते. सुटका झाल्यावर, १५४९ च्या सुमारास, आई आणि बहिणी गोव्याला आल्या. त्यांत कातारिना नावाची बहीण होती. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

ओर्ताचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी योआनेस द एंदें ह्या मुद्रकाच्या छापखान्यात पूर्ण झाला. गोव्यात छापण्याचे यंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. त्या यंत्रातून धर्मोपदेशाची पुस्तके निघत. झाडे, साली, गोंद आणि रत्ने ह्यांवरील इतका मोठा ग्रंथ ही तेथे अपूर्व गोष्ट होती. छपाई वाईट आहे, शुद्धिपत्र पानेच्या पाने चालते. आरंभी लुईश द कामोंइश ह्या तेव्हा गोव्यात हलाखीत दिवस काढणाऱ्या कवीचे व्हाइसरॉयला उद्देशून रचलेले काव्य आहे. पोर्तुगालच्या महाकवीचे छापून प्रसिद्ध झालेले हे पहिले काव्य. ते एका वैद्याच्या पुस्तकात, मांडवीच्या काठी प्रसिद्ध झाले, हे आमच्या तौलनिक साहित्याच्या वर्गात सांगितले की विद्यार्थी क्षणभर विश्वास ठेवत नाहीत.

ग्रंथ प्रथम लॅटिनमध्ये योजला होता. मग ओर्ताने भाषा बदलून पोर्तुगीज घेतली आणि रूप संवादाचे घेतले. संवाद चालतो तो स्वतः ओर्ता आणि डॉक्टर रुआनो नावाचा नुकताच स्पेनहून आलेला एक जुना सहाध्यायी ह्यांच्यात. रुआनो हे काल्पनिक पात्र आहे. तो सतत ग्रंथांचा आधार मागतो, गॅलेनने असे म्हटले नाही म्हणून बिचकतो, आणि ओर्ता त्याला वस्तू आणून दाखवतो. वास्तविक हा रुआनो म्हणजे १५३४ साली जहाजातून उतरलेला ओर्ताच होय. आपण स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, असे तो कबूल करतो. येथे मात्र दालचिनी कोठे उगवते, मिरीचा वेल कसा चढतो, हे स्वतः पाहिलेल्यांना विचारता येत होते आणि प्लिनीला बाजूला ठेवता येत होते. संवादाच्या मधूनमधून आंतोनिया नावाची घरातील दासी येते; तिला हाक मारली की ती वनस्पती घेऊन येते. तिच्या तोंडी फारसे बोलणे नाही, परंतु कोणती वस्तू कोठे मिळते हे तिला ठाऊक आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही एका प्रसंगी अवतरतो. एरवी ओर्ताने ज्यांच्याकडून माहिती घेतली ते वैद्य, माळी आणि व्यापारी बहुतेक बिननावाचेच राहिले आहेत. ओर्ताच्या गौरवात आपण ही त्रुटी झाकू नये. शंभरेक वर्षांनंतर कोचीनला व्हान ऱ्हेडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट ह्या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत त्यात छापले गेले आणि इट्टी अच्युतन ह्या मल्याळी वैद्याचेही नाव आले. ओर्ताच्या पानांत ते औदार्य नाही.

नावे मात्र त्याने वस्तूंची नेमकी टिपली, आणि मराठी-कोकणीच्या अभ्यासकाला ग्रंथाचे मोल येथे आहे. फणसाला तो पनाझ हे नाव देतो, कोकमाच्या भिरंडाला ब्रिंदांव. निंबाचे प्रकरण येते तेथे निर्गुडीही येते. निंबाचा पाला वाटून घोड्यांच्या क्षतांवर लावतात, हे तो लिहून ठेवतो. पटकीसारख्या रोगाला येथील लोक मोर्शी म्हणतात असे तो सांगतो. ही आपली मोडशी. पुढे पोर्तुगीज आणि फ्रेंच तोंडांत हाच शब्द फिरता फिरता त्याचे मोर-द-श्यँ झाले आणि फ्रेंच वाचकाला त्यात कुत्र्याच्या मौतीचा अर्थ दिसू लागला. शब्द घरातून बाहेर पडले की त्यांचे काय होईल हे सांगता येत नाही. मोडशीचे ओर्ताने केलेले वर्णन मात्र कोठेही भरकटत नाही: खोल गेलेले डोळे, थंड पडलेले हातपाय, वळणारे गोळे, मंदावत गेलेली नाडी, दहा तासांतही येऊ शकणारा मृत्यू. युरोपीय वैद्याने हिंदुस्थानात स्वतः पाहून केलेल्या ह्या रोगाच्या आरंभीच्या वर्णनांत त्याची गणना होते. येथील वैद्य तांदळाच्या पेजेत मिरी व जिरे घालून रोग्याला पाजतात, हेही त्याने तेथेच नोंदवले आहे.

आता पारिजातक. रुआनो ह्या झाडाची चौकशी करतो आणि ओर्ता सांगू लागतो. त्याचे निरीक्षण असे की, हे झाड सूर्यास्तानंतर फुलते आणि उजाडता उजाडता फुले गाळून टाकते. दिवसा ते उदास, ओसाड दिसते. म्हणून पोर्तुगीज त्याला दुःखी वृक्ष म्हणत. गोव्यातील नाव त्याने परिझाताको असे लिहिले आहे. पुढे तो येथील लोकांची म्हणून एक कथा सांगतो. परिझाताको नावाची एका सरदाराची रूपवती कन्या सूर्यावर भाळली. सूर्याने तिला काही काळ जवळ केले आणि मग दुसरीसाठी टाकून दिले. तिने प्राणत्याग केला. तिला जाळले, आणि त्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून ते सूर्याचे तोंड पाहत नाही.

ही कथा विष्णुपुराणातील नव्हे, हरिवंशातीलही नव्हे. पारिजातहरणाच्या कथेतील कोणताही धागा तिच्यात नाही. ओव्हिडच्या काव्यातील क्लीटी सूर्याने टाकल्यावर त्याच्याकडे तोंड वळवून बसणारे फूल होते. ल्यूकोथोए जिवंत गाडली जाते आणि तिच्या जागी ऊदाचे झाड उगवते. सालामांकात शिकलेल्या माणसाला ओव्हिड पाठ असणार, म्हणून ही कथा ओर्ताने रचली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. क्लीटी सूर्याकडे पाहत राहते, ही त्याच्याकडे पाठ फिरवते. आणि जळून राखेतून उगवणे हा तपशील दहनाची चाल असलेल्या समाजातला आहे, पुरण्याची चाल असलेल्या समाजातला नाही. कथा येथील बायकांच्या तोंडून, बहुधा घरातल्या चाकरमाणसांकडून, ओर्तापर्यंत आली असावी. पुराणातील पारिजातकाची कथा ब्राह्मण वैद्यांनी त्याला सांगितली नाही, किंवा सांगितली असल्यास त्याने ती घेतली नाही, लोककथा घेतली. पुढे ही कथा अनेक भारतीय भाषांत पारिजातकाची म्हणून सर्रास सांगितली जाऊ लागली. दिल्लीत ह्याच झाडाला हरसिंगार म्हणतात. आश्विनात आमच्या विद्यापीठाच्या परिसरात सकाळी त्याचा सडा पडतो, आणि हिंदी विभागातील सहकाऱ्यांना विचारले तर ते सूर्यावर भाळलेल्या राजकन्येचीच कथा सांगतात. (बाराबंकीजवळ किंतूर येथे ज्या प्रचंड झाडाला पारिजात म्हणून पूजतात ते मात्र वेगळेच, म्हणजे गोरखचिंचेचे झाड आहे. नावे अशी वाटेल तेथे रुजतात.)

कथा संपताच ओर्ता वैद्य होतो. फुलाचा केशरी देठ अन्नाला रंग देण्यास केशराऐवजी वापरतात, असे तो सांगतो. ही तुलना त्याने डोळ्यांनी केली. परंतु ती डोळ्यांच्या पलीकडेही खरी निघाली. पारिजातकाच्या देठातील रंगद्रव्य आणि केशराचे रंगद्रव्य ही एकाच कुळातील, क्रोसेटीनची संयुगे आहेत, हे विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने दाखवून दिले. केशर काश्मीरहून वा इराणहून यावयाचे आणि सोन्याच्या मोलाने विकावयाचे. कोकणात त्याची जागा अंगणात पहाटे गळलेल्या फुलाने घ्यावी, ह्यात लोकांची काटकसर आणि लोकांची पारख दोन्ही दिसतात.

ओर्ताच्या नजरेतून एक गोष्ट मात्र सुटली, आणि ती वैद्याच्या दृष्टीने मोठी आहे. आपल्याकडे ह्या झाडाचे औषधी बळ फुलात नसून पानांत मानले जाते. पारिजातकाची पाने खरखरीत, जवळजवळ कानशीसारखी असतात आणि चवीला कडू. त्यांचा अंगरस मधात किंवा आल्याच्या रसात जुनाट व पाळीच्या तापावर द्यावयाचा, ही कोकणापासून बंगालपर्यंत आढळणारी रीत आहे. कमरेपासून पायाच्या टाचेपर्यंत कळ नेणाऱ्या गृध्रसीवर मंद अग्नीवर केलेला शेफालिकेच्या पानांचा काढा अकराव्या शतकातील चक्रदत्तात सांगितलेला आहे. येथे अभ्यासकाने थोडे थांबावे लागते. अमरकोश शेफालिकेला निर्गुडीच्या पंक्तीत बसवतो. बंगालमध्ये शेफाली किंवा शिउली म्हणजे पारिजातक. चक्रपाणिदत्त बंगालचा. त्यामुळे त्याच्या शेफालिकेचा अर्थ पूर्वेकडील परंपरेने पारिजातक असा घेतला, आणि आज बहुतेक वैद्य तोच घेतात. दोन्ही वनस्पती वातावर वापरल्या जातात, म्हणून व्यवहारात ह्या संदिग्धतेने फारसे बिघडले नाही. परंतु संस्कृत ग्रंथातील प्रत्येक नाव एकाच झाडाचे असते अशा समजुतीने जे पाठ्यपुस्तक लिहितात त्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे. आधुनिक प्रयोगशाळांतूनही पानांतील घटकांचा दाहशामक गुण प्राण्यांवर तपासून पाहिला गेला आहे. तेवढ्यावरून रोग्यांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हेही खरे.

ओर्ताला हे का दिसले नाही? त्याला संस्कृत येत नव्हते. चरक-सुश्रुत त्याच्या हाती आले नाहीत. गोव्यातील हिंदू वैद्य परंपरेने आणि अनुभवाने उपचार करतात, त्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असे त्याचे मत होते. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरा अपुऱ्या माहितीवरचा. तरीही तो मत्सरी नव्हता. आपल्या औषधाने गुण आला नाही की तो ब्राह्मण वैद्यांचे औषध देई, आणि तसे लिहून ठेवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. ह्याच सुमारास उत्तरेकडे भावमिश्र आपला भावप्रकाश रचीत होता. त्यात फिरंग्यांबरोबर आलेल्या फिरंग रोगाचे वर्णन आहे आणि त्यावर चोपचिनी सांगितली आहे. ओर्तानेही चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. एकाच रोगावर, एकाच मुळीविषयी, एकाच शतकात दोन वैद्य लिहीत होते आणि एकमेकांच्या अस्तित्वाची त्यांना गंधवार्ता नव्हती. गोव्याहून अँटवर्पला पुस्तक पोहोचले. घाटावरून उत्तरेकडे ते पोहोचले नाही.

अँटवर्पला ते पोहोचले शार्ल द लेक्लूझ, म्हणजेच क्लूसियस, ह्याच्यामुळे. १५६४-६५ च्या आयबेरियातील प्रवासात त्याला प्रत मिळाली आणि १५६७ साली त्याने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. संवाद काढून टाकले, रुआनो गेला, आंतोनिया गेली, निजामशहाच्या गप्पा गेल्या. उरली वनस्पतींची शिस्तशीर वर्णने. ओर्ताने मुद्दाम टाकलेली लॅटिन भाषा अशी परत आली, आणि युरोपाने ओर्ता वाचला तो असा. १५७८ मध्ये बुर्गोसला क्रिश्तोव्हांव द कोश्ता ह्या वैद्याने ओर्ताच्याच सामग्रीवर, आपल्या निरीक्षणांची आणि चित्रांची भर घालून, स्पॅनिश ग्रंथ काढला. ह्या वाटांनी दुःखी वृक्ष लॅटिन आर्बर ट्रिस्टिस झाला आणि शेवटी लिनिअसच्या टेबलावर गेला. परिझाताको हे नाव वाटेत गळाले.

पुस्तक युरोपात छापले जात होते तेव्हा गोव्यात हवा बदलली होती. १५४३ सालीच जेरोनिमु दियश ह्या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात धर्मद्रोहासाठी गळा आवळून जाळण्यात आले होते. त्या वेळी ओर्ता त्याच शहरात होता. १५६० मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मन्यायपीठ आले. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्त्यांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असा ठराव केला. व्यवहारात तो फारसा पाळला गेला नाही, कारण आजारी माणूस ठरावाकडे पाहत नाही. पण ओर्ताने ज्यांच्याकडून शिकल्याचे चार वर्षांपूर्वी उघड छापले होते त्यांच्याशी संबंध ठेवणे आता दोषास्पद झाले होते. १५६८ साली ओर्ता वारला. वयोमानाने आणि आजाराने, अंथरुणावर वारला, एवढे भाग्य त्याच्या वाट्याला आले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कातारिनाला पकडले. तिच्या आणि नातलगांच्या जबान्यांतून न्यायपीठासमोर जे आले ते असे की, हे कुटुंब घरात मोझेसचा धर्म पाळत होते आणि गार्सिया हाही त्याच श्रद्धेचा होता. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जाळण्यात आले. अशा जबान्या कशा घेतल्या जात हे ठाऊक असल्याने त्यांतील प्रत्येक शब्द प्रमाण मानता येत नाही. परंतु दोन देशांतून पळत आलेल्या ह्या घराने काहीतरी जपून ठेवले होते, हे नाकारणेही कठीण आहे. मेलेल्यावरही खटला चालवण्याची न्यायपीठाला मुभा होती. ओर्ताविरुद्ध तो चालला, तो दोषी ठरला, आणि ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. राख मांडवीत टाकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १५७९ मध्ये, क्लूसियसच्या लॅटिन संक्षेपाची नवी आवृत्ती अँटवर्पला निघाली होती.

ह्यातील काहीही पुढे साडेतीनशे वर्षे वाचकांना ठाऊक नव्हते. काउंट फिकाल्यु ह्यांनी १८८६ मध्ये ओर्ताचे चरित्र लिहिले आणि १८९१ ते १८९५ ह्या काळात ग्रंथाची उत्कृष्ट सटीप आवृत्ती काढली. १९१३ साली मार्कम ह्यांचा इंग्रजी अनुवाद आला. दोघांनाही ओर्ता हा सुखाने कालवश झालेला राजमान्य वैद्य वाटला. १९३४ साली आउगुश्तु द सिल्वा कार्व्हाल्यु ह्यांनी धर्मन्यायपीठाची कागदपत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा कातारिना आणि १५८० चा तो दिवस उजेडात आला. त्यानंतर ग्रंथ पुन्हा वाचताना काही जागा निराळ्या दिसू लागतात. गॅलेनविरुद्ध, प्लिनीविरुद्ध, अरबांच्या भाषांतरकारांविरुद्ध तो जेथे मोकळेपणाने बोलतो, तेथेच धर्माचा विषय आला की तो एखादे ठराविक भक्तिवाक्य टाकून पुढे सरकतो. स्वतःच्या आईबापांविषयी, स्पेनमधून निघण्याविषयी, बहिणींविषयी ह्या एवढ्या गप्पिष्ट पुस्तकात काहीच नाही. रुआनो जुना सहाध्यायी असूनही घरच्या माणसांची चौकशी त्यानिमित्ताने कोठे होत नाही.

जुन्या गोव्यातील ओर्ताच्या घराची खूण आज उरलेली नाही. मुंबईतील त्याच्या वाड्याची जागा नौदलाच्या आवारात आहे. पणजीत चर्चसमोरील नगरपालिकेच्या बागेला त्याचे नाव दिलेले आहे.